दुर्बिणीची चलित बैठक : दोषांची भाषा व दोषांची चिकित्सा

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे सारे तारे दर सेकंदास सुमारे १५ विकला या वेगाने पश्चिमेकडे सरकताना भासतात. नुसत्या डोळ्यांस ही गती जाणवत नाही. परंतु अर्ध्या अंशाचे क्षेत्र दाखविणाऱ्या नेत्रिकेतून पाहू लागले की विषुववृत्ताजवळचा तारा अवघ्या दोन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला निघून जातो. या गतीशी बरोबरी साधण्यासाठी दुर्बीण ज्या आधारावर बसवितात त्यालाच चालते करावे लागते. अशा आधारास येथे ‘चलित बैठक’ म्हटले आहे.

ही कल्पना नवी नव्हे. जर्मन कारागीर योझेफ फ्राउनहोफर याने दोर्पात येथील वेधशाळेसाठी १८२४ साली जी मोठी दुर्बीण सिद्ध केली, तिच्या बैठकीस घड्याळी यंत्राने गती दिलेली होती. तिची दोन अक्षांची रचना पुढे ‘जर्मन पद्धतीची बैठक’ या नावाने रूढ झाली आणि आज हौशी निरीक्षकांच्या हाती येणाऱ्या पुष्कळशा बैठकी तिच्याच वंशातल्या आहेत. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा हे ठळक उदाहरण होय. कावसजी नायगमवाला यांच्या देखरेखीखालील या वेधशाळेत डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यातील परावर्तक दुर्बीण होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली व तेथील साहित्य कोडाईकनालला गेले. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हापासून आकाशनिरीक्षणाचा छंद महाराष्ट्रात संघटितपणे जोपासला जाऊ लागला. घसरत्या वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राची जागा आता विद्युत् चलित्राने व छोट्या गणकयंत्राने घेतली आहे आणि अशी बैठक तालुक्याच्या गावातील शाळेलाही घेता येण्याजोगी झाली आहे.

अडचण येते ती बैठक बिघडल्यावर. हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावी अशा बैठकीची दुरुस्ती करणारा व्यावसायिक मिळणे कठीण. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि विक्रेता दूरच्या शहरी असतो. त्याला कळविण्यात येते ते इतकेच : ‘यंत्र नीट चालत नाही.’ या वाक्यातून कोणालाच काही उमगत नाही. मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. यंत्र पेटीत बंद होऊन पडते, किंवा कोणी उत्साहाच्या भरात ते उघडतो आणि नसलेला दोष निर्माण करून ठेवतो. शाळेचे यंत्र असेल तर पहिल्या प्रकारात एका पिढीची आकाशाशी ओळख राहून जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, जे दिसले ते नेमक्या शब्दांत सांगता आले तर निम्म्याहून अधिक दोषांचे कारण त्या शब्दांतच सापडते, हे दाखवावे.

क्रियापदांचा उपयोग

या कामी मराठी क्रियापदे फार उपयोगी पडतात. दुर्बिणीतील तारा सरकतो, डोलतो, थबकतो किंवा थरथरतो; नळी घसरते, भरकटते किंवा अडते. बोलण्याच्या ओघात ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरली जातात, परंतु त्यांचे अर्थ वेगळे आहेत. सरकणे म्हणजे एकाच दिशेने सावकाश जात राहणे. डोलणे म्हणजे जाऊन परत येणे, आणि तेही ठराविक काळाने. थबकणे म्हणजे आज्ञा दिल्यावर क्षणभर न हलणे. भरकटणे म्हणजे जावयाचे एकीकडे आणि पोचावयाचे भलतीकडे. यांपैकी प्रत्येक शब्द बैठकीच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवितो. म्हणून निरीक्षकाने प्रथम क्रियापद निश्चित करावे आणि त्यानंतरच पेचकस हाती घ्यावा.

दिशा नोंदविताना एक काळजी घ्यावी. नेत्रिकेत प्रतिमा उलटी दिसत असल्याने उत्तर कोणती व दक्षिण कोणती याचा भ्रम होतो. नळीला उत्तरेकडे किंचित ढकलावे. तारा क्षेत्राच्या ज्या बाजूस जाईल ती दक्षिण समजावी.

तारा सरकतो

तारा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकत असेल तर बैठकीचा ध्रुवाक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला नाही, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. येथे यंत्राचा काही दोष नसून मांडणीचा दोष आहे.

हुपरीचा उत्तर अक्षांश सुमारे १६ अंश ३६ कला आहे. म्हणून तेथे ध्रुवाक्ष क्षितिजापासून तितकाच वर उचललेला असला पाहिजे. ध्रुवतारा नेमका ध्रुवबिंदूवर नाही. तो सध्या त्यापासून सुमारे ३८ कला दूर आहे व त्याभोवती दररोज एक फेरी घालतो. शिवाय इतक्या कमी उंचीवर वातावरणातील वक्रीभवनामुळे तो तीन कलांहून थोडा अधिक वर दिसतो. थंडीच्या दिवसांत उत्तर क्षितिजावर धुके असते आणि ऊस गाळपाच्या हंगामात धुराचा थरही त्यात मिसळतो. त्यामुळे पुष्कळ रात्री ध्रुवतारा दिसतच नाही. अशा वेळी सरकण्याची दिशा पाहून अक्ष जुळविण्याची रीत कामास येते.

प्रथम विषुववृत्ताजवळचा व याम्योत्तरवृत्तावर आलेला तारा घ्यावा. हुपरीत तो दक्षिणेस सुमारे ७३ अंश उंचीवर असतो. पाच मिनिटे थांबावे. तारा दक्षिणेकडे सरकला तर ध्रुवाक्षाचे टोक खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस गेले आहे, आणि उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेस. त्यानंतर पूर्व क्षितिजापासून वीसेक अंश वर असलेला, विषुववृत्ताजवळचाच दुसरा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली राहिला आहे, उत्तरेकडे सरकला तर अधिक वर उचलला गेला आहे. अक्ष एक अंशाने चुकला असता तारा दर मिनिटास सुमारे १५ विकला सरकतो; म्हणून सरकण्याच्या वेगावरून चूक किती, याचाही अंदाज बांधता येतो. दोन्ही चाचण्या आळीपाळीने दोन-तीनदा केल्या की अक्ष जागेवर येतो. होकायंत्राचा उपयोग पहिल्या अंदाजापुरताच करावा, कारण गच्चीच्या स्लॅबमधील सळ्या व बैठकीतील लोखंड सुईला फसवितात.

तारा पूर्व-पश्चिम दिशेने एकसारखा सरकत असेल तर विचार वेगळा करावा लागतो. पुष्कळ बैठकींत तारे, सूर्य व चंद्र यांसाठी निरनिराळे वेग निवडावयाची सोय असते. चंद्राचा वेग चुकून निवडलेला राहिला तर तासाभरात तारा चंद्रबिंबाच्या रुंदीइतका पश्चिमेकडे निसटतो. सूर्याचा वेग राहिला तर चूक तासास केवळ अडीच कला असते व ती लवकर ध्यानात येत नाही. तारा मिनिटास अर्धा अंश या वेगाने पळू लागला तर यंत्राला दक्षिण गोलार्ध सांगितला गेला आहे आणि ते उलट दिशेने फिरत आहे, हे ओळखावे.

तारा डोलतो

बैठकीच्या पोटात एक मोठे दंतचक्र असते व त्याला मळसूत्री दंड फिरवितो. कारखान्यात त्याला वर्म म्हणतात. दंडाची एक फेरी झाली की चक्राचा एक दाता पुढे सरकतो. दंड अगदी सरळ व समकेंद्री असेल तर गती एकसारखी राहते, परंतु साधारण प्रतीच्या बैठकीत तो तसा नसतो. मग दुर्बीण अर्ध्या फेरीत किंचित पुढे धावते, अर्ध्या फेरीत मागे रेंगाळते आणि तारा पूर्व-पश्चिम डोलताना दिसतो.

या दोषाची खूण त्याच्या आवर्तनात आहे. चक्रास १८० दाते असतील तर दंडाची एक फेरी ७ मिनिटे ५९ सेकंदांत होते. १४४ दाते असतील तर ९ मिनिटे ५८ सेकंदांत. नेत्रिकेत तारांचा क्रूस असल्यास दर अर्ध्या मिनिटास ताऱ्याचे स्थान मांडून अर्ध्या तासाचा आलेख काढावा. आवर्तन या आकड्याशी जुळले तर कारण दंडात आहे. ते बरेच कमी काळाचे असेल तर चलित्र व दंड यांच्यामधील छोट्या दंतचक्रांत कचरा अडकला आहे का, हे पाहावे. आवर्तनच नसेल तर तो डोलण्याचा दोष नव्हेच. डोळ्याने पाहणाऱ्यास थोडे डोलणे त्रासदायक होत नाही; छायाचित्र घेणाऱ्यास होते. त्यासाठी पुष्कळ यंत्रांत दंडाची खोड एकदा शिकवून ठेवण्याची योजना असते. दंड घासून सरळ करण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये.

तारा थबकतो, नळी अडते

दिशा उलटी करण्याचे बटण दाबले, चलित्राचा आवाज आला, पण तारा क्षण-दोन क्षण जागचा हलला नाही, तर दंडाचे आटे व चक्राचे दाते यांमध्ये पोकळी राहिली आहे. दंडाने ही पोकळी ओलांडून दुसऱ्या बाजूने दात्यास भिडेपर्यंत चक्र हलत नाही. थोडी पोकळी असावीच लागते. ती मुळीच नसेल तर दाते एकमेकांत रुततात, चलित्राचा आवाज जड होतो आणि नळी अडते. म्हणजे थबकणे व अडणे हे एकाच जुळणीचे दोन टोकांचे दोष आहेत.

दंड पुढे-मागे करण्यासाठी बारीक स्क्रू असतात. ते एका वेळी पाव फेरीहून अधिक फिरवू नयेत आणि प्रत्येक वेळी अक्ष पूर्ण फेरीभर फिरवून पाहावा, कारण चक्र एका जागी सैल व दुसऱ्या जागी घट्ट असू शकते. सर्वांत घट्ट जागी अडणार नाही इतपतच जुळणी घट्ट करावी. याशिवाय तोलाची एक सोपी युक्ती आहे. नळी व प्रतिभार यांचा समतोल साधल्यावर जी बाजू पूर्वेकडे असेल ती अगदी किंचित जड ठेवावी. असे केले असता दाते सदैव एकाच बाजूने भिडलेले राहतात व पोकळी असूनही ती जाणवत नाही. नळीची बाजू बदलली की तोलही बदलावा लागतो, हे विसरू नये.

चार महिने पेटीत राहिलेली बैठक पावसाळ्यानंतर प्रथमच अडते, तेव्हा कारण बहुधा वंगणात असते. जुने वंगण घट्ट झालेले असते, त्यात धूळ बसलेली असते, आणि दमट हवेने पोलादी भागांवर तांबेरा चढलेला असतो. कोल्हापूरकडे खंडेनवमीस हत्यारे पुसून पूजेस मांडण्याची चाल आहे. जुने वंगण काढून पातळ थर देण्यास याहून सोयीचा दिवस सापडणार नाही, कारण निरभ्र रात्री तेथूनच पुढे सुरू होतात.

नळी घसरते, थरथरते किंवा थांबते

चलित्र चालू आहे, दंड फिरतो आहे, तरीही नळी मागे राहते, असे असल्यास ती घसरते आहे. अक्षावरील पकड पुरेशी आवळलेली नाही किंवा तोल बिघडला आहे. ‘यंत्र बिघडले’ म्हणून पेटीत गेलेली बैठक पुष्कळदा एवढ्यानेच पूर्ववत होते.

तारा थरथरत असेल तर तिकाटण्याचे पाय, त्यांचे स्क्रू आणि खालची जमीन यांकडे पाहावे. हात लावल्यावर थरथर होऊन दोन-तीन सेकंदांत थांबली तर ती स्वाभाविक आहे. न थांबल्यास काही तरी सैल आहे. पत्र्याच्या छपराची किंवा वर्दळीच्या जिन्यालगतची गच्ची या कामास योग्य नाही.

बैठक मध्येच थांबते, विशेषतः एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वेगाने जाताना हातातील नियंत्रकाचा दिवा विझून पुन्हा लागतो, तेव्हा दोष वीजपुरवठ्यात असतो. सावकाश चालताना लागणारा प्रवाह अल्प असतो. वेगाने फिरताना तो कितीतरी वाढतो. १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना पूर्ण दाब दाखविते आणि भार पडताच खाली येते. म्हणून दाब मोजावयाचा तो यंत्र वेगाने फिरत असतानाच. लांब व बारीक तार, सैल पिन आणि गंजलेले टोक यांनीही हाच परिणाम होतो. दोन्ही टोके अदलाबदल करून जोडल्यास मात्र यंत्रातील मंडल जळण्याचा धोका असतो.

नळी भरकटते

यंत्राला ताऱ्याचे नाव सांगावे आणि त्याने भलत्याच जागी नळी रोखावी, हा नवख्यास सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार होय. वास्तविक त्याचे निदान सर्वांत सोपे आहे, कारण चुकीचे मापच चुकीचे कारण सांगते. यंत्र स्थळ, तारीख व वेळ यांवरून नाक्षत्र काल काढते आणि एक मिनिटाची चूक आकाशात पाव अंश होते. नळी पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे साडेसात अंश चुकली तर अर्ध्या तासाचा घोटाळा आहे. भारताची प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे असताना ती पूर्ण ५ तास धरली गेली आहे. पंधरा अंश चुकली तर उन्हाळी वेळेची सोय चालू राहिली आहे, जिचा भारतात उपयोग नाही. आठ अंशांच्या आसपास चूक असेल तर कोणी तरी स्थानिक वेळ दिली आहे. हुपरीचे रेखांश सुमारे ७४ अंश २४ कला पूर्व आणि प्रमाणवेळेचे ८२ अंश ३० कला. त्यामुळे हुपरीची मध्यम स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३२ मिनिटे मागे असते. नळी थेट जमिनीकडेच वळली तर रेखांश पूर्वेऐवजी पश्चिम दिलेले आहेत, किंवा दिवस व महिना यांची अदलाबदल होऊन ५ नोव्हेंबर ही तारीख ११ मे झाली आहे, असे समजावे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची आणि मधली तीन बोटे सुमारे पाच अंशांची असतात. एवढी मोजपट्टी या कामी पुरते.

कमी अक्षांशाची अडचण

हुपरीसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते, जी युरोपात छापलेल्या पुस्तिकांत सहसा सांगितलेली नसते. अनेक बैठकींची रचना ४० ते ५० अंश अक्षांश मनात धरून केलेली असते. हुपरीत ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा होतो. त्याबरोबर प्रतिभाराचा दांडा खाली आला की उत्तरेकडे कलतो व तिकाटण्याच्या उत्तरेकडील पायावर आदळण्याची भीती असते. आदळला की चलित्र गुरगुरते, दाते निसटतात आणि नंतर नळी भरकटू लागते. मूळ कारण ध्यानात न आल्यास दोष गणकयंत्राच्या माथी मारला जातो. तिकाटणे फिरवून उत्तर दिशा दोन पायांच्या मधोमध आणल्यास दांड्यास वाट मिळते, परंतु भार उत्तरेकडे झुकलेला असल्याने तिकाटणे कलंडणार नाही ना, हे तपासावे लागते. बैठक व तिकाटणे यांच्यामध्ये वीतभर उंचीचा खांब घालणे हा अधिक भरवशाचा उपाय होय.

याची चाचणी घेण्यास रोहिणी हा तारा उत्तम. त्याची क्रांती सुमारे साडेसोळा अंश उत्तर असल्याने तो हुपरीच्या जवळजवळ डोक्यावरून, खस्वस्तिकाच्या लगत, जातो. रोहिणी याम्योत्तरवृत्तावर येण्यापूर्वी अर्धा तास नळी तिच्यावर रोखावी व अर्धा तास नंतरपर्यंत बैठकीजवळ उभे राहून काय कशाला भिडते ते पाहावे. नळीचे मागचे टोक, दांडा व लोंबणारी तार या तिन्ही गोष्टी या एका तासात तपासल्या जातात.

तपासणीचा क्रम व शब्दांची जोड

वरील विवेचनातून तपासणीचा क्रम आपोआप निघतो. आधी बाहेरचे पाहावे : वीज, तारा, पकडी, तोल, पाय. मग यंत्राला दिलेली माहिती : स्थळ, तारीख, वेळ, वेग. मग मांडणी : ध्रुवाक्षाची दिशा व उंची. सर्वांत शेवटी यंत्राचे पोट : दंड, चक्र, वंगण. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि तो दोष पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

नोंदीसाठी एक वही पुरे. तारीख व वेळ, कोणता तारा व आकाशाच्या कोणत्या भागात, कोणते क्रियापद, कोणत्या दिशेने, किती मिनिटांत किती, असे पाच रकाने आखावेत. ‘यंत्र नीट चालत नाही’ याऐवजी ‘याम्योत्तरवृत्तावरचा तारा पाच मिनिटांत सव्वा कला दक्षिणेकडे सरकला’ असे लिहिले की ध्रुवाक्ष सुमारे एक अंशाने पूर्वेस आहे, हे लिहिणाऱ्यासच उमगते. दूरच्या जाणकारालाही अशा वाक्यावरून सल्ला देता येतो.

शब्दांची उणीव आहे असेही नाही. विषुवांश, क्रांती, होराकोन, याम्योत्तर हे शब्द ज्योतिषग्रंथांतून व पंचांगगणितातून आलेले आहेत; शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाच्या वाचकास त्यांची नवलाई वाटणार नाही. चलित्र व धारवा हे शब्द मराठी विश्वकोशाने वापरले आहेत. दाते, आटे, तोल, पकड, वंगण हे कारागिराच्या जिभेवरचे शब्द आहेत. पहिला वर्ग ग्रंथालयात राहतो, तिसरा कारखान्यात, आणि बैठकीच्या दुरुस्तीस दोन्ही लागतात. हुपरीत चांदीची तार ओढणारा, पैंजणाच्या कड्यांना डाग देणारा आणि केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा कारागीर घरोघर आहे. पाव फेरीने स्क्रू फिरविणे म्हणजे काय, हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला सांगावयाचे ते एवढेच की तारा डोलतो की थबकतो, आणि तेवढे नेमके सांगण्याचे काम निरीक्षकाचे आहे.